तांबड्या शाईच्या अकरा ओळी

काकांना कुणी काही सांगायला लागलं, की दुसऱ्या-तिसऱ्या वाक्यालाच त्यांचा पंजा वर जायचा. "थांब. ह्यातलं मूळचं किती आणि पदरचं किती?"

हे ते कुणालाही विचारत. पेनसिल्व्हेनियातल्या स्टेट कॉलेज गावात तेव्हा मराठी माणसं मोजकीच होती. महिन्यातून एकदा कुणाच्या तरी अपार्टमेंटमध्ये पॉटलक असायचं, प्रत्येकाने एकेक पदार्थ करून आणायचा. तिथे एकदा एक बाई रंगात येऊन सांगत होत्या, की त्यांच्या ओळखीतल्या एका सुनेने इंडियाहून आलेल्या सासूला एअरपोर्टवरून परस्पर हॉटेलात पाठवून दिलं. काकांचा पंजा वर.

"हॉटेल मूळचं?"

"म्हणजे काय काका? घरी नेलं नाही म्हटल्यावर हॉटेलच ना! रस्त्यावर थोड्याच झोपल्या असतील!"

"म्हणजे हॉटेल तुमच्या पदरचं," काका समाधानाने म्हणाले. "छान घातलंत. त्याशिवाय गोष्ट उभी राहत नव्हती."

पुढच्या पॉटलकला त्या बाई त्यांच्यापासून चार खुर्च्या लांब बसल्या. का, ते काकांना कळलं नाही. त्यांनी मनापासून कौतुक केलं होतं.

मी त्यांच्या घराच्या बेसमेंटमध्ये तीन वर्षं राहिलो. आता माझी पन्नाशी जवळ आली आहे, शिकागोजवळ नेपरव्हिलला घर आहे, मुलं कॉलेजात गेली. अजूनही कुणी काही सांगायला लागलं की माझ्या डोळ्यांपुढे तो पंजा वर होतो. पण एकदा तो माझ्याच बोलण्यावर वर व्हायला हवा होता आणि झाला नाही. त्याविषयी लिहायचं बरीच वर्षं टाळलं.

खोली बघायला गेलो तो दिवस आठवतो. दाराच्या चौकटीवर उजव्या हाताला एक बोटभर लांबीची, तिरकी बसवलेली पितळी डबी होती. मी ती बेल समजून दाबली. काही वाजलं नाही. पुन्हा जोरात दाबली. दार उघडून काका उभे. गाल विलक्षण सैल, लोंबणारे, आणि खिशाला तीन पेनं.

"ती बेल नाही," ते मराठीत म्हणाले. "आत देवाचं वचन आहे. पण तू दाबलंस ते ठीक. कुणीतरी इतक्या तळमळीने दाबायला हवंच होतं."

मी नागपूरचा. डबी, वचन, मराठी, ह्यांची सांगड मला लागेना. "तुम्ही... कोकणातले का?"

"अलिबागकडचा. शनवार तेली." माझा चेहरा बघून त्यांनी उलगडून सांगितलं. "अरे, आमचे पूर्वज तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी बैल सोडून द्यायचे. गावाने नाव ठेवलं. आम्ही ज्यू. बेने इस्राएल. दोन हजार वर्षं कोकणात आणि तीस वर्षं पेनसिल्व्हेनियात. चहा घेशील?"

युनिव्हर्सिटीच्या केमिस्ट्री विभागात ते काच फुंकायचे. प्रयोगशाळेला लागणारी वेडीवाकडी नळकांडी, फुगे, वेटोळी, सगळं हाताने आणि तोंडाने. गाल सैल झाले ते त्यामुळे. लग्न केलं नव्हतं. हिब्रू लायब्ररीत बसून स्वतःच शिकले होते. आणि घरी, फुलस्केप वह्यांमध्ये, ते मराठीत एक मोठं लिखाण करत होते. एकोणीस वह्या झाल्या होत्या.

त्यांचा विषय असा. ज्यूंच्या शास्त्रात, म्हणजे बायबलच्या जुन्या करारात, माणसं येतात आणि जातात, पण त्यांच्याविषयी सांगितलेलं फार थोडं. लोटाची बायको जळणाऱ्या गावाकडे मागे वळून बघते आणि मिठाचा खांब होते. बस. तिला नावसुद्धा नाही. नोहाच्या बायकोलाही नाही. मूळ शास्त्रानंतरच्या शतकांत ज्यू लोकांनी ह्याच माणसांवर पुन्हा पुन्हा लिहिलं, त्यांना नावं दिली, स्वप्नं दिली, भांडणं दिली. काका ही सगळी भर गोळा करत होते. शास्त्रातलं काळ्या शाईत. जुन्यांनी घातलेलं हिरव्या शाईत. आणि काकांना स्वतःला सुचलेलं तांबड्या शाईत.

"हे जुने लोक कधी रंग बदलायचे नाहीत," ते म्हणायचे. "बेधडक मिसळून द्यायचे. वाचणाऱ्याला कळू नये, मूळ कुठे संपलं. माझी ती छाती नाही बाबा. माझे आजोबा अलिबागला कीर्तन करायचे. अब्राहामाचं, योसेफाचं, पेटी-टाळ घेऊन. बायका पदराने डोळे पुसायच्या. मी घरी येऊन विचारायचो, आजोबा, हे शास्त्रात आहे? तर म्हणायचे, तू रडलास ना? मग आहे."

मिठाची गोष्ट त्यांनी मला जेवताना सांगितली होती. मी वरणाला मीठ मागितलं म्हणून. "लोटाच्या घरी परके पाहुणे आले. त्या गावात परक्याला घरात घ्यायची बंदी. बायकोच्या मनात नव्हतं. ती शेजारणीकडे गेली. 'जरा मीठ द्या हो, आमच्याकडे पाहुणे आलेत.' झालं, गावभर बातमी. मिठाने चुगली केली म्हणून तिचं मीठ झालं. हे जुन्यांचं, हिरवं. पण ऐक, दुसरंही हिरवं आहे. दुसरा कुणी जुना लिहितो, की तिच्या लग्न झालेल्या मुली गावातच राहिल्या होत्या. त्या मागून येतायत का, एवढंच बघायला ती वळली." त्यांनी मिठाची बाटली माझ्याकडे सरकवली. "दोघांनाही मुळात एकच ओळ मिळाली होती. एकाने तिला चुगलखोर केलं आणि एकाने आई. आपल्या पदरी काय आहे त्यावर असतं."

शनिवारी धर्माने काम वर्ज्य, म्हणून ते पेनाला हात लावत नसत. पण सुचायचं तर शनिवारीच. मग ते आठवण राहावी म्हणून ओट्यावर दर कल्पनेमागे एक वाटी पालथी घालून ठेवत. मला ठाऊक नव्हतं तेव्हा मी एकदा चांगुलपणाने सगळ्या वाट्या सुलट करून कपाटात लावल्या. सूर्य मावळल्यावर काका तीन पेनं घेऊन स्वयंपाकघरात आले आणि रिकाम्या ओट्यापुढे उभे राहिले. "चार होत्या," एवढंच म्हणाले. दोन आठवल्या. रागावले नाहीत. मी वरमलो तर म्हणाले, "दोन गेल्या त्या बहुधा बऱ्या नसाव्यात. हे माझ्या पदरचं हं, तुला बरं वाटावं म्हणून."

तांबडं त्यांना कसं सुचायचं ते मी एकदा समोर बसून पाहिलं. माझ्या आईचा नागपूरहून फोन आला होता, स्पीकरवर होता. आई सांगत होती, की एका लग्नाला निघताना सगळे ऑटोत बसले आणि ती गॅस बंद केला का ते बघायला तिसऱ्यांदा वर गेली. बाबा खालून ओरडत होते, "अगं, गाडी सुटेल!" काका हसून हसून खोकले. मग एकदम वही ओढली. त्यांनी लिहिलं ते मला अजून तोंडपाठ आहे. प्रलयाचं पाणी चढतंय, सगळे तारवात शिरले, आणि नोहाची बायको उंबऱ्यावरून परत फिरते. चूल विझवायला. नोहा ओरडतो, "अगं, पाणी येऊन विझवेलच की!" ती म्हणते, "पाण्याने विझवणं वेगळं, आणि घरच्या बाईने विझवणं वेगळं."

तांबड्या शाईत. माझ्यासमोर. शाई वाळायच्या आत त्यांनी मला वाचायला दिलं आणि लहान मुलासारखं विचारलं, "कसं आहे?"

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. दुष्काळात अब्राहाम बायकोला घेऊन मिसरात, म्हणजे इजिप्तमध्ये गेला. ती सुंदर होती. तिच्यापायी आपल्याला मारतील ह्या भीतीने त्याने ती आपली बहीण आहे असं सांगितलं, आणि राजाने तिला उचलून नेलं. मुळात एवढंच आहे. सरळ खोटं, आणि तेही जीव वाचवायला. जुन्यांना हे फार टोचलं. एकाने अब्राहामाला आदल्या रात्री स्वप्न पाडलं. देवदार आणि खजूर जवळ जवळ उभे. माणसं देवदार तोडायला येतात आणि खजूर ओरडतो, तोडू नका, आम्ही एकाच मुळाचे! देवदार वाचतो. म्हणजे खोटं बोलायची वाट देवानेच दाखवली.

"हे व्हाइटवॉशिंग झालं ना काका," मी म्हणालो होतो. तेव्हा मी फार कडक होतो, विशेषतः इतरांच्या बाबतीत.

"झालंच. पण तुझ्या आवडत्या माणसाने असं काही केलं, तर तू काय करशील? त्याला सोडशील? का एक स्वप्न देशील?"

तिसऱ्या हिवाळ्यात काका दोन महिन्यांसाठी अलिबागला गेले, एका मावसभावाचं आजारपण होतं. जाताना एकोणीस वह्या माझ्या ताब्यात दिल्या. वय झालं, एकच प्रत आहे, कॉम्प्युटरवर नक्कल करून ठेव म्हणाले. "पण रंग आले पाहिजेत. रंग नाही आले तर ती नक्कल नव्हे, रद्दी."

आमच्या डिपार्टमेंटच्या स्कॅनरला सुटे कागद लागायचे. मी कटरने एकोणीस वह्यांच्या शिवणी कापल्या. कलरमध्ये मशीन फार हळू चाले, दर थोड्या पानांनी अडकायचं. मला शिकागोला नोकरी लागली होती, थीसिस राहिला होता. मी ब्लॅक अँड व्हाइटचं बटण दाबलं. पानं सरसर गेली. स्क्रीनवर सगळं एकसारखं काळं दिसत होतं. मला ते दिसत होतं. नंतर एकदा निवांत कलरमध्ये करू, असं म्हणून मी सुटी पानं दोन खोक्यांत भरली आणि खोलीत ठेवली. माझ्या जुन्या प्रिंटआउट्सचेही दोन खोके तिथेच होते.

काका परतायच्या चार दिवस आधी मी खोली आवरायला काढली. बुधवारी सकाळी रिसायकलिंगचा ट्रक यायचा. मी दोन खोके बर्फातून ओढत रस्त्याच्या कडेला नेऊन ठेवले. ट्रक आला, गेला. दुपारी टेबलाखाली माझ्या प्रिंटआउट्सचे दोन खोके जसेच्या तसे दिसले.

ही चूक होती. चुकीला क्षमा मागता येते. मी पुढे जे केलं ती चूक नव्हती.

मी बादली भरली आणि बेसमेंटच्या कोपऱ्यातल्या कार्पेटवर ओतली. अशा चार बादल्या. काका आले तेव्हा कार्पेट ओलं होतं, त्याला वास यायला लागला होता. हीटर कमी होता, पाइप फुटला, मी माणूस बोलावून दुरुस्त करून घेतला, वह्यांचा लगदा झाला तो टाकून दिला, पण नशीब, काळ्यात का होईना, स्कॅन झालेले होते, असं सगळं मी एका दमात सांगितलं. काका प्रवासाच्या कोटातच खाली गुडघ्यांवर बसले. कार्पेटवर तळहात ठेवला. मग वर छताकडे बघितलं. बराच वेळ. मी पंजा वर होण्याची वाट बघत होतो.

"पाय भिजले असतील तुझे," ते म्हणाले.

"हो."

"इतक्या थंडीत. वेडाच आहेस." आणि वर जाऊन लोकरीचे मोजे घेऊन आले.

त्या कोपऱ्यावरून कुठलाच पाइप जात नव्हता. हे माझ्या लक्षात आलं ते बऱ्याच वर्षांनी, नेपरव्हिलच्या घराच्या बेसमेंटमध्ये उभा राहून छत बघताना. ते घर काका किती वर्षं सांभाळत होते. त्यांना ठाऊक नसणार कसं?

मी शिकागोला आलो. काका माझ्या स्कॅनच्या काळ्या प्रिंट काढून पुन्हा रंग भरायला बसले. काळं त्यांना पाठच होतं. अडचण उरलेल्याची होती. मग फोन यायला लागले.

"अरे, ईयोबाची बायको केस विकून नवऱ्याला भाकरी आणते, हे जुन्यांचं की माझं?"

"काका, मला नाही सांगता येणार. लायब्ररीत बघा ना."

"बघितलं. हे सापडलं, हिरवं आहे. पण सगळंच नाही रे सापडत. कुठल्या कोपऱ्यात वाचलेलं असतं, काही आजोबांच्या कीर्तनातलं. डोळेही आता तसे नाहीत." मग ते म्हणाले, "मी एक नियम केलाय. शंका आली की हिरवं. दुसऱ्याचं आपलं म्हणण्यापेक्षा आपलं दुसऱ्याचं म्हटलेलं बरं."

वर्षागणिक शंका वाढत गेल्या. एका रविवारी त्यांनी नोहाच्या बायकोचं विचारलं. चूल विझवायला जाते ते. मी जवळजवळ ओरडलोच. "काका, ते तुमचं! माझ्या आईच्या गॅसवरून सुचलं होतं तुम्हाला, माझ्यासमोर लिहिलंत!"

पलीकडे ते हसले. "तू मला बरं वाटावं म्हणून सांगतोयस. इतकं चांगलं मला कुठलं सुचायला? कुणातरी जुन्याचं असणार."

"काका, शपथ घेऊन सांगतो."

"असू दे, असू दे. हिरवं करून टाकलं."

तेव्हा सांगायला हवं होतं. काका, तुम्हाला शंका येते ती म्हातारपणामुळे नाही, माझ्यामुळे येते. मी म्हणालो, "तब्येत सांभाळा."

पुढे त्यांची भाची त्यांना न्यू जर्सीला आपल्या घराजवळच्या असिस्टेड लिव्हिंगच्या वृद्धाश्रमात घेऊन गेली. बहिणीची मुलगी, इथेच जन्मलेली, आता तिशीची. ऑफिसच्या कामाने तिकडे गेलो तेव्हा मी भेटायला गेलो. काकांनी मला ओळखलं, पण नर्सशी ओळख करून दिली ती निराळ्याच कुणाची तरी. ह्याने, काका तिला इंग्रजीत सांगत होते, बर्फासारख्या पाण्यात कमरेपर्यंत उभं राहून माझ्या वह्या वर काढल्या. एकेक पान हेअर ड्रायरने वाळवलं. ती पानं कुजायच्या आत प्रत्येक ओळीचा रंग टिपून ठेवला. नंतर ह्याला न्यूमोनिया झाला.

नर्सने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की मी खाली बघितलं. तिला तो विनय वाटला असावा.

"काका, असं नव्हतं झालं," मी तिच्या पाठीमागे हळूच म्हणालो.

"असंच झालं," ते ठामपणे म्हणाले. "मला पाठ आहे."

हे त्यांनी कधी जाणूनबुजून रचलं असेल, मला वाचवायला, आणि मग विसरून गेले असतील की ते त्यांचंच आहे. की पहिल्यापासून त्यांना तसंच वाटत होतं? मला ठरवता येत नाही. विचारायला आणखी एक भेट होती, त्या भेटीत मी हवापाण्याचं बोललो.

काका गेल्यावर भाचीच्या घरी सात दिवस बैठक होती. त्यांच्यात सात दिवस घरी बसून दुःख पाळतात. आरशांवर चादरी होत्या. भाचीने मला हाताला धरून सगळ्यांपुढे नेलं. "This is दादा. He saved मामा's notebooks." मग मला बाजूला घेऊन विचारलं, "दादा, खरंच कमरेपर्यंत होतं का पाणी? मामा थोडं exaggerate करायचा ना?"

मी म्हणालो, "नाही, तितकं नव्हतं. गुडघ्यापर्यंत."

कमरेपर्यंतचं मी गुडघ्यापर्यंत आणलं, आणि त्या क्षणी मला आपण प्रामाणिक असल्यासारखं वाटलं.

आता ती पुस्तक छापते आहे. काकांनी रंग भरलेल्या प्रती तिच्याकडे आहेत. मराठी मुद्रितं मी तपासतो, प्रस्तावना तिने इंग्रजीत लिहिली आहे. तिने तिन्ही रंगांची मोजदाद केली आणि मला फोन केला. "दादा, लाल तर almost नाहीच आहे. Eleven lines, total. म्हणजे मामाने स्वतः काही फारसं लिहिलंच नाही, right? He just collected. Which is sweet, actually."

मुद्रितांच्या त्या गठ्ठ्यात मला निदान एक पान ठाऊक आहे, ज्यावरचं हिरवं खरं तांबडं आहे. अशी किती असतील, ते एखाद्या जाणकाराने बसून जुन्या लिखाणाशी ताडलं तर कळेल. पण ताडून बघावं असं तिला वाटणार नाही. कारण प्रस्तावनेत तिने लिहिलं आहे, की ह्या पुस्तकातला प्रत्येक रंग मूळ वह्यांत होता तसाच आहे, आणि त्याची साक्ष म्हणजे तो तरुण, जो थंडगार पाण्यात उभा राहिला.

"हो," मी फोनवर म्हणालो. "काकांचा व्यासंग दांडगा होता."

प्रस्तावना तिने तपासायला पाठवली होती. एका ठिकाणी स्वल्पविराम चुकला होता, तो मी दुरुस्त केला. पाणी तिने मामाच्या सांगण्याप्रमाणे 'कमरेपर्यंत'च ठेवलं होतं, ते 'गुडघ्यापर्यंत' केलं. बाकी उत्तम आहे असं कळवलं. पुस्तक महिन्याभरात छापायला जाईल.

त्यानंतर हे लिहायला बसलो. ह्यात मी पदरचं काही घातलेलं नाही. भाचीला मराठी कळतं, थोडं बोलताही येतं. देवनागरी मात्र तिला वाचता येत नाही, आणि लिहायला बसण्याआधीच मला ते माहीत होतं.